न बोलणारी चूक
युनिक्सवर प्रोग्रॅम उभा करण्याच्या अडचणींचा अर्धशतकाचा इतिहास

संगणकाचा इतिहास आपल्याकडे बहुधा यंत्रांचा, कंपन्यांचा आणि गॅरेजमधून निघून कोट्यधीश झालेल्या तरुणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वाया गेलेल्या सकाळींचा इतिहास कोणी सांगत नाही. प्रोग्रॅम लिहून पुरा झाला आहे, दुसऱ्याच्या यंत्रावर तो बिनबोभाट चालतो आहे, पण आपल्या यंत्रावर काही केल्या उभा राहत नाही. पडद्यावरून तक्रारींच्या ओळी धावत आहेत आणि माणूस कपाळाला हात लावून बसला आहे, हा प्रसंग गेली पन्नासहून अधिक वर्षे जगात रोज कुठे ना कुठे घडतो आहे. त्यातून सुटण्यासाठी माणसांनी जी साधने तयार केली, त्यांच्यावर आजच्या इंटरनेटचा फार मोठा भाग उभा आहे.

युनिक्स आणि तिच्या कुळातील बीएसडी, लिनक्स वगैरे कार्यप्रणालींपुरता हा इतिहास येथे मांडायचा आहे. त्याचा धांडोळा घेताना मला जे सूत्र दिसले ते आधीच सांगून टाकतो. प्रोग्रॅम कंपाइल करताना होणाऱ्या चुका दोन प्रकारच्या असतात. काही आरडाओरडा करतात, काही गप्प राहतात. त्रास पहिल्या देतात, नुकसान दुसऱ्या करतात. प्रत्येक पिढीने आरडाओरडा कमी करणारे एखादे साधन काढले आणि ते काढताना गप्प राहणाऱ्या चुकीला लपायला एक नवा कोपरा करून दिला. २०२४ सालच्या मार्च महिन्यात अशाच एका कोपऱ्यात सुरुंग सापडला. तिथपर्यंतचा प्रवास पाहण्यासारखा आहे.

हस्तलिखित, जुळणी आणि बांधणी

ज्यांनी कधी प्रोग्रॅम कंपाइल केलेला नाही अशा वाचकांसाठी थोडी पूर्वतयारी. सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम हा माणसाला वाचता येणारा मजकूर असतो. यंत्राला त्यातले अक्षरही कळत नाही. या मजकुराचे यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करण्याचे काम एका दमात होत नाही. जुन्या छापखान्यातल्यासारखे ते हातोहात पुढे जाते.

लेखकाने हस्तलिखितात ‘येथे अमुक पुरवणी जोडावी’ असे लिहिलेले असते. पहिला कारागीर, प्रीप्रोसेसर, त्या पुरवण्या शोधून जागच्या जागी लावतो. या पुरवण्यांना हेडर फाइल म्हणतात. दुसरा, म्हणजे खुद्द कंपायलर, व्याकरण तपासून मजकूर यंत्राच्या जवळच्या भाषेत उतरवतो. तिसरा, असेंब्लर, त्याचे खिळे जुळवतो. त्यातून ‘ऑब्जेक्ट फाइल’ निघते. चौथा, लिंकर, हा बाइंडर. वेगवेगळे फर्मे आणि लायब्ररींमध्ये आधीच तयार असलेली पाने एकत्र शिवून तो पुस्तक पुरे करतो.

चौघांची तक्रार करण्याची रीत वेगळी आहे. ‘अशी फाइल नाही’ असे पहिला म्हणतो. याचा अर्थ पुरवणी सापडत नाही. व्याकरणाची कुरबुर दुसऱ्याची. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही ओरड बाइंडरची: पुस्तकात ‘पाहा प्रकरण सातवे’ असे लिहिले आहे, पण सातव्या प्रकरणाचा फर्मा माझ्याकडे आलेलाच नाही. कोण बोलतो आहे हे ओळखले की अर्धा शोध संपतो.

उरलेला अर्धा मात्र फसवा असतो. एका हेडर फाइलच्या शेवटी एक अर्धविराम राहून गेला, तर तक्रार पुढच्या, संपूर्ण निर्दोष फाइलच्या पहिल्या ओळीवर येते. एक पुरवणी सापडली नाही की तिच्यातले सगळे शब्द अनोळखी ठरतात आणि पुढे शंभर तक्रारी उमटतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण कंपायलरसाठीच रचली असावी असे वाटते. चूक जिथे झाली ते ठिकाण यंत्र सांगत नाही. ती जिथे त्याच्या लक्षात आली ते ठिकाण सांगते. म्हणून जाणकार माणूस पडद्यावरची शेवटची ओळ सोडून वर जातो आणि सर्वांत पहिली तक्रार वाचतो.

२४ किलोबाइटांचा वारसा

युनिक्सचा जन्म १९६९ सालचा, अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये. केन थॉम्पसन यांनी ती प्रथम पीडीपी-७ या यंत्रावर उभी केली. पुढे पीडीपी-११ आले. त्या घराण्यातले जे पहिले यंत्र त्यांना मिळाले त्याची स्मृती सगळी मिळून २४ किलोबाइट होती. आज मोबाइलवर आलेल्या एका शुभेच्छापत्राच्या चित्राला याहून जास्त जागा लागते. डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली आणि १९७३ साली युनिक्सचा गाभा त्या भाषेत पुन्हा लिहिला गेला.

एवढ्या टीचभर जागेत काम करणाऱ्या बाइंडरला सगळे फर्मे एकदम मांडीवर घेऊन बसणे शक्य नव्हते. लायब्ररीतून तो डावीकडून उजवीकडे एकदाच जाई. तोवर ज्याची मागणी नोंदलेली असेल तेवढेच उचली, बाकीचे सोडून देई आणि मागे वळून पाहत नसे. मग ज्याला दुसऱ्याची गरज आहे तो आधी आणि ज्याची गरज आहे तो नंतर, असा क्रम लावणे भाग पडले. हा क्रम हाताने लावणे जिकिरीचे, म्हणून कोणाला कोणाची गरज आहे याच्या जोड्या काढणारा ‘एल-ऑर्डर’ आणि त्या जोड्यांवरून क्रम लावणारा ‘टी-सॉर्ट’ असे दोन छोटे प्रोग्रॅम आले.

लायब्ररीला अनुक्रमणिका जोडण्याची सोय नंतर झाली आणि टी-सॉर्टचे मूळ काम संपले. तो मात्र आजही प्रत्येक लिनक्स यंत्रावर पडून आहे. घरात पाणी भरायचे घंगाळ असावे तसा. फेकायला कोणी धजत नाही. आणि स्थिर लायब्ररी जोडताना आज्ञेतला त्यांचा क्रम चुकला, तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही ओरड आजही ऐकू येते. लायब्ररी जागेवर आहे, नाव बरोबर आहे, तरी बाइंडर म्हणतो पान नाही. गणिताची लायब्ररी मागणारे ‘-एलएम’ हे शब्द आज्ञेच्या शेवटी लिहावेत, असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. कारण फारसे कोणी सांगत नाही. त्याचे मूळ अशा एकेरी फेरीत आहे.

एका बरोबर प्रोग्रॅममधली चूक

या इतिहासातली पहिली प्रसिद्ध सकाळ १९७६ सालची. बेल लॅब्जमधलेच स्टीव्ह जॉन्सन, ‘याक’ या साधनाचे कर्ते, संतापून आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. एका प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली होती आणि प्रोग्रॅममध्ये चूकच नव्हती. मूळ मजकुरात ती केव्हाच दुरुस्त झालेली होती. फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. बाइंडरने जुनाच फर्मा मुकाट्याने शिवून टाकला होता. फेल्डमन आदल्या संध्याकाळी याच दुखण्याशी झुंजले होते. त्यांनी त्या शनिवार-रविवारी ‘मेक’ लिहिले.

मेकची कल्पना साधी आहे. कोणती वस्तू कोणत्या वस्तूपासून बनते हे एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे. मग मेक दोन्हींच्या बदलाच्या वेळा पाहतो आणि मूळ वस्तू नवी असेल तरच तिच्यापासून बनणारी वस्तू पुन्हा बनवतो. या साधनासाठी फेल्डमन यांना २००३ सालचा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

मेकबद्दलची दुसरी कथा त्याहून लोकप्रिय आहे. त्याच्या फाइलमध्ये कृतीची ओळ ‘टॅब’ या अदृश्य अक्षराने सुरू व्हावी लागते. त्याऐवजी आठ मोकळ्या जागा ठेवल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून अडून बसतो. हा नियम तापदायक आहे हे फेल्डमन यांना फार लवकर कळले होते. परंतु तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक सगळे मित्र, आणि त्यांचे लिहिलेले बिघडवायला नको म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. त्या डझनभर मित्रांच्या सोयीसाठी पुढच्या कित्येक पिढ्यांनी डोळे फोडून घेतले.

हसू येते खरे, पण टॅबची चूक निदान बोलते. जॉन्सन यांची चूक बोलली नव्हती. कंपायलरने एक शब्दही न काढता चुकीचे पुस्तक बांधून हातात दिले होते. मेकचे खरे मोल हे, की त्याने पहिल्यांदा एका गप्प चुकीला पकडले. मात्र तसे करताना त्याने घड्याळावर विश्वास टाकला. पुढे एका यंत्राची फाइल दुसऱ्या यंत्राच्या डिस्कवर राहू लागली, दोन घड्याळांत काही सेकंदांचा फरक पडला की मेक नव्याला जुने समजू लागला, आणि तीच मुकी चूक मागच्या दाराने परत आली.

एक नाव, अनेक घराणी

१९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टी हिला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. म्हणून युनिक्स नाममात्र शुल्कात, मूळ मजकुरासह, विद्यापीठांना मिळू लागली. मजकूर हाती आला की माणसे तो वाचतात आणि बदलतात. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बीएसडी हे घराणे उभे राहिले. १९७७ साली ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग येथे इंटरडेटा या वेगळ्याच घडणीच्या यंत्रावर युनिक्स चढवली गेली, आणि त्याच सुमारास जॉन्सन व रिची यांनी बेल लॅब्जमध्ये इंटरडेटाच्याच दुसऱ्या यंत्रावर तो प्रयोग केला.

यंत्र बदलले की आणखी एक गप्प चूक पुढे आली. काही यंत्रे दोन बाइटांच्या शब्दातला लहान भाग आधी ठेवतात, काही मोठा. एकाने लिहिलेले दुसऱ्याने तसेच वाचले तर जोडीजोडीने अक्षरे उलटतात आणि इंग्रजीतल्या ‘युनिक्स’ या चार अक्षरांचे ‘नक्सी’ होते. हा प्रश्न तेव्हापासून त्याच नावाने ओळखला जातो. कंपायलरची येथे काहीच तक्रार नसते.

१९८४ साली एटी अँड टीचे विभाजन झाले, कंपनीला संगणकाचा व्यापार खुला झाला आणि तिने ‘सिस्टिम फाइव्ह’ हे आपले घराणे जोमाने बाजारात आणले. सन, डीईसी, एचपी, आयबीएम प्रत्येकाची स्वतःची युनिक्स. शब्दात एखादे अक्षर शोधणारे फंक्शन बीएसडीत ‘इंडेक्स’ तर सिस्टिम फाइव्हमध्ये ‘स्ट्रचर’. स्मृतीची नक्कल करणारे एकीकडे ‘बीकॉपी’, दुसरीकडे ‘मेमसीपीवाय’. हेडर फाइल एकीकडे ‘स्ट्रिंग’, दुसरीकडे ‘स्ट्रिंग्ज’. आपल्याकडे पंचांगागणिक एकादशी बदलावी तसा प्रकार. एका युनिक्सवर लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीवर नेला की पहिला अर्धा दिवस नावांची भांडणे मिटवण्यात जाई. १९८८ साली पॉझिक्स आणि १९८९ साली अमेरिकी सी प्रमाणक आले. तंटा त्यांनी कमी केला, मिटवला नाही.

त्यात कंपायलरही ज्याचा त्याचा वेगळा. १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी आपल्या ग्नू प्रकल्पातर्फे जीसीसी हा मुक्त कंपायलर प्रसिद्ध केला. पुढे सन कंपनीने आपल्या सोलारिसबरोबर सी कंपायलर देणे थांबवून तो वेगळा विकायला काढला, तेव्हा अनेकांना जीसीसीचाच आधार उरला. याच जीसीसीच्या अंतरंगावर पवईच्या आयआयटीत खास केंद्र काढून अध्यापन आणि कार्यशाळा झाल्या आहेत, ही आपल्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी गोष्ट.

शितावरून भाताची परीक्षा

इतक्या घराण्यांवर एकच प्रोग्रॅम कसा चालवायचा? पहिला उपाय नावावरून ठरवण्याचा. तुमची युनिक्स कोणती ते सांगा, मग तिच्यासाठीच्या ओळी चालू करा. पण कंपन्या दर आवृत्तीला काही ना काही बदलत असल्याने नावावरून गुण कळेनासे झाले.

लॅरी वॉल यांनी, जे पुढे पर्ल भाषेचे जनक म्हणून गाजले, १९८४ साली आपल्या ‘आरएन’ या बातम्या वाचण्याच्या प्रोग्रॅमबरोबर ‘कन्फिगर’ नावाची आज्ञावली दिली. ती यंत्राची स्वतः चाचपणी करी, शंका असेल तिथे माणसाला प्रश्न विचारी. १९९१ च्या जून महिन्यात ग्नू प्रकल्पाची अनेक साधने सांभाळणारे डेव्हिड मॅकेन्झी अशाच कोंडीत होते. प्रोग्रॅम उभा करणाऱ्याला वीसएक पर्याय हाताने निवडावे लागत. कंटाळून त्यांनी योग्य पर्याय ओळखणारी छोटी आज्ञावली लिहून ‘फाइलयुटिल्स’ या संचाबरोबर दिली. मग प्रत्येक संचासाठी तेच हाताने करण्याचाही कंटाळा आला, म्हणून अशा आज्ञावल्या आपोआप लिहिणारे साधन केले. तेच ऑटोकॉन्फ. पुढे त्याला ऑटोमेक आणि लिबटूल ही भावंडे मिळाली.

ऑटोकॉन्फची युक्ती सुरेख आहे. यंत्राला नाव विचारायचे नाही, काम सांगून पाहायचे. ‘स्ट्रचर’ आहे का? ते वापरणारा चार ओळींचा इवलासा प्रोग्रॅम लिहा, कंपाइल करून पाहा. झाला तर आहे, नाही झाला तर नाही. शितावरून भाताची परीक्षा. अशा शेकडो परीक्षा होऊन ‘आहे, आहे, नाही, आहे’ अशी रांग पडद्यावर उमटते. जगभरातल्या माणसांना ‘कन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ हे तीन शब्द मंत्रासारखे पाठ झाले.

पण येथेच एक बारीक फट राहिली. तोवर कंपाइल न होणे ही तक्रार होती. आता ते एक उत्तर झाले. शीत कच्चे निघाले ते भात कच्चा म्हणून, की चूल पेटलीच नव्हती म्हणून, हा भेद यंत्राला कळेनासा झाला. परीक्षेच्या चार ओळींतच चूक असली तरी निकाल ‘नाही’ असाच लागतो, आणि कन्फिगर तो शांतपणे लिहून घेऊन पुढे जातो. खरे कारण ‘कन्फिग डॉट लॉग’ या फाइलमध्ये नोंदलेले असते. ती फाइल लोक काही मोडल्यावर उघडतात. काही मोडलेच नाही तर कोण उघडतो?

शिवाय ही आज्ञावली वाचण्याजोगी राहिली नाही. ती यंत्राने लिहिलेली, जुन्यात जुन्या शेललाही समजावी म्हणून ओबडधोबड. डेन्मार्कचे पोल-हेनिंग कँप यांनी २०१२ साली एका गाजलेल्या लेखात दाखवून दिले की एकट्या लिबटूलची कन्फिगर आज्ञावली ३१,०८५ ओळींची आहे आणि अस्तंगत झालेल्या यंत्रांच्या उणिवा ती अजून तपासते आहे. एवढे कोणी वाचत नाही. सगळेजण चालवतात.

दोन रकान्यांची वही

१९९१ सालीच लिनक्स आली आणि कंपाइल करण्याची डोकेदुखी विद्यापीठांतून सामान्य घरांत शिरली. तिच्या गाभ्याचे कंपाइल करणे हा लांबलचक उद्योग असे, आणि पुष्कळदा मध्येच ‘सिग्नल ११’ म्हणून जीसीसी कोसळे. लोक कंपायलरला दोष देत. हळूहळू अनुभवाने नियम सापडला. दर वेळी त्याच जागी कोसळत असेल तर दोष प्रोग्रॅममध्ये किंवा कंपायलरमध्ये. दर वेळी नव्या जागी कोसळत असेल तर बहुधा स्मृतीची चकती सदोष आहे किंवा यंत्र तापते आहे. इतर कामांत न दिसणारा यंत्राचा आजार कंपायलर उघड करी, कारण तो सगळ्या स्मृतीची घुसळण करतो.

आपल्याकडे अनेकांपर्यंत लिनक्स पोहोचली ती संगणक मासिकांबरोबरच्या सीडींमधून. फोन लावून मिनिटांच्या भावाने मिळणाऱ्या इंटरनेटच्या त्या दिवसांत एक हेडर फाइल नसणे म्हणजे तिच्यासाठी सगळ्या सीडी चाळणे. माझे शिक्षण असेच झाले. एका वहीत मी दोन रकाने आखले होते: डावीकडे यंत्राचा संदेश, उजवीकडे शेवटी सापडलेले कारण. ती वही भरल्यावर लक्षात आले की दोन्ही रकान्यांत एकच गोष्ट फार थोड्या ठिकाणी आहे. ‘फाइल नाही’ या नोंदीसमोर बहुतेक वेळा लायब्ररी होती, पण तिचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठीचा भाग, ज्याला डेबियन ‘-डेव्ह’ आणि रेड हॅट ‘-डेव्हल’ अशी शेपटी लावतात, तेवढा बसवायचा राहिलेला होता.

पुढे डेबियनसारख्या वितरणांनी सगळेच सोपे केले. तज्ज्ञ स्वयंसेवक एकदा कंपाइल करणार, बाकीच्यांनी तयार पुडके आणून बसवायचे. लाखो सकाळी वाचल्या. त्याबरोबर कंपाइल करताना अडून, वैतागून, का होईना आत डोकावणारे लाखो डोळेही गेले.

कुंपणाने शेत खाल्ले तेव्हा

केन थॉम्पसन यांनी १९८३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने केलेले भाषण ऑगस्ट १९८४ मध्ये छापून आले. त्यात त्यांनी दाखवले की कंपायलरलाच अशी शिकवण देता येते, की लॉगिनचा प्रोग्रॅम दिसला की त्यात चोरदार घालायचे, आणि स्वतः कंपायलरचा मजकूर समोर आला की ही शिकवण त्यात पुन्हा पेरायची. मग मूळ मजकुरातून ती पुसून टाकली तरी चालते. मजकूर निर्मळ, प्रोग्रॅम विषारी. चाळीस वर्षे हे भाषण बुद्धीचा चमत्कार म्हणून वाचले गेले.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक शोध जाहीर केला. आपल्या चाचणीच्या यंत्रावर दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे त्यांना खटकले होते. माग काढत ते ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांपर्यंत पोहोचले. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनएक वर्षे उपयुक्त काम करून, एकट्याने प्रकल्प ओढणाऱ्या थकलेल्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला होता आणि मग चोरदार बसवले होते.

ते कुठे बसवले हे आपल्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. प्रकल्पाच्या खुल्या भांडारातल्या सी मजकुरात ते दिसत नव्हते. सुरुंग चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या दाबलेल्या फाइलींमध्ये होता, आणि तो बाहेर काढणारी वात कन्फिगरसाठी लागणाऱ्या एका फाइलमध्ये, तीही फक्त वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यात. यंत्राने लिहिलेल्या फाइली गाठोड्यात असतात आणि भांडारात नसतात ही नेहमीची रीत, त्यामुळे फरक दिसला तरी कोणाला वावगे वाटले नसते. कंपाइल होताना, आणि तेही डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचे पुडके बनत असेल तरच, विषारी ऑब्जेक्ट फाइल गुपचूप लायब्ररीत शिवली जाई. बाइंडरने एक परका फर्मा शिवला आणि तक्रारीचा शब्द उमटला नाही. सुदैवाने हे बहुतांशी चाचणीच्या आणि सतत बदलत्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचले होते.

नंतरच्या तपासात आणखी एक गोष्ट सापडली. माझ्या मते ती साऱ्या कटाहून शिकवणारी आहे. लिनक्समध्ये प्रोग्रॅमला कोंडून ठेवणारी ‘लँडलॉक’ नावाची सुरक्षेची सोय आहे. ती यंत्रावर आहे का हे पाहणाऱ्या इवल्या परीक्षा-प्रोग्रॅममध्ये कोणीतरी एक टिंब टाकून ठेवले होते. एक पूर्णविराम. त्यामुळे परीक्षा कंपाइलच होत नसे, निकाल ‘नाही’ लागे, आणि सुरक्षा बंद राही. ना तक्रार, ना इशारा. शीत मुद्दाम कच्चे ठेवले होते.

योगायोग असा, की त्याच वर्षी मे महिन्यात जीसीसीची १४ वी आवृत्ती आली. आधी ओळख करून न दिलेले फंक्शन वापरले तर आजवर कंपायलर इशाऱ्यावर भागवत असे. आता तो थेट नकार देऊ लागला. जुन्या कन्फिगर आज्ञावल्यांतल्या कित्येक परीक्षा अशाच ढिसाळ सीमध्ये लिहिलेल्या आहेत. त्या नापास होतात, ‘सोय नाही’ असा निकाल लागतो, आणि प्रोग्रॅम त्या सोयीवाचून पण बिनतक्रार उभा राहतो. येथे कोणाचाही कट नाही. टिंबाने जे केले तेच येथे काळाने केले.

आवाज असावा

यावर उपाय चालू आहेत. एकाच मजकुरापासून कोणीही, कुठेही बनवलेला प्रोग्रॅम बाइट-न-बाइट सारखा यावा यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून नेटाने काम चालले आहे. थॉम्पसन यांच्या शंकेला उत्तर म्हणून ‘गिक्स’ प्रकल्पाने २०२३ साली अवघ्या ३५७ बाइटांच्या बीजापासून सुरुवात करून कंपायलरांची सगळी उतरंड मजकुरातून उभी करून दाखवली. एवढे बीज माणूस डोळ्यांनी तपासू शकतो. पण एक्सझेडचे गाठोडेच दूषित होते. त्यापासून कोणीही बनवले असते तरी बाइट-न-बाइट तेच विष तयार झाले असते. यंत्रे एकमेकांची साक्ष देऊ शकतात, परंतु मजकूर वाचण्याचे काम शेवटी माणसाकडे राहते.

मेकपासून ऑटोकॉन्फपर्यंतची साधने टाकून द्यावीत असे मी म्हणणार नाही. त्यांच्यावाचून यातले काहीच उभे राहिले नसते. मागणी एवढीच, की परीक्षा नापास झाली तर ती का नापास झाली हे साधनाने मोठ्याने सांगावे, आणि सोय हवीच असेल तर ‘नाही’ या उत्तरावर थांबावे. प्रोग्रॅम उभा करणाऱ्यानेही कन्फिगरची ती ‘आहे, नाही’ची रांग एकदा वाचावी. आपल्या यंत्रावर जी गोष्ट नक्की आहे तिच्यासमोर ‘नाही’ लिहिलेले दिसले, तर कन्फिग डॉट लॉग उघडावी. फ्रॉइंड यांना दिसले होते ते अर्ध्या सेकंदाइतके लहान होते. त्यांनी ते सोडून दिले नाही, एवढ्यानेच जगातले किती तरी संगणक वाचले.